प्रामाणिकपणाच्या रकान्यातली खोटी खूण : शाळेच्या व्यवस्थापनास खुले पत्र

प्रति,
माननीय मुख्याध्यापक आणि व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य,
तसेच पालक सभेत हात वर केलेले आम्ही सगळे,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपलं परिपत्रक घरी आलं. मुलांच्या रोजच्या वागण्यावर खुणा करायच्या 'संस्कार गुणपत्रका'चे गुण पुढच्या सत्रापासून वार्षिक निकालात धरले जातील आणि वर्गप्रमुख निवडतानाही तेच पाहिले जातील, असं त्यात म्हटलं आहे. खालची पावती सही करून परत पाठवायची होती. मी ती पाठवलेली नाही. का नाही, हे सांगायला आपल्या खोलीत दहा मिनिटं पुरली असती. पण हा प्रश्न एकट्या माझ्या मुलीचा नाही, आणि हे गुणपत्रक ज्यांनी मागून घेतलं त्यांत मीही होतो. सभेत मी हात वर केला होता, तोही पहिल्या रांगेतून. तेव्हा जे बोलायचं ते चारचौघांतच बोललेलं बरं.

आधी माझी कबुली.

मी हिशेब तपासनीस आहे. गेली १९ वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासतो. महिन्याभराच्या नोंदी एका बैठकीत बसून लिहिल्या असतील तर ते आम्हाला दुसऱ्या पानावर कळतं. शाई एक, अक्षराचा कल एक, कुठे खाडाखोड नाही. खरी रोजकीर्द अशी देखणी नसते. तिच्यात विसरलेलं मागाहून घुसवलेलं असतं, एखादा आकडा गिरवलेला असतो, कुठे पेन संपलेलं असतं.

या सत्रातल्या सहाव्या रविवारी रात्री साडेनऊ वाजता, दप्तर भरताना, मुलीने पत्रक पुढे केलं. अख्खा आठवडा कोरा. दहा रकाने, सात दिवस. 'मोठ्यांचं ऐकलं', 'खरं बोललो', 'घरात मदत केली', 'रागावलो नाही' आणि बाकीचे. मी पेन काढलं आणि सरसर खुणा करत गेलो. बुधवारचं 'रागावलो नाही' मुद्दाम रिकामं सोडलं, कारण सगळंच्या सगळं भरलेलं खोटं वाटतं, हे मला धंद्यामुळे माहीत आहे. गुरुवारी तर मी घरीच नव्हतो. मुलगी शेजारी उभी राहून बघत होती. म्हणाली, "बाबा, मंगळवारी मी खोटं बोलले होते ना, पाणी सांडल्याचं?"

मी म्हणालो, "असू दे गं, एवढं कोण बघतंय." आणि 'खरं बोललो' या रकान्यात मंगळवारची खूण केली.

ती काही बोलली नाही. पुढच्या रविवारी तिने मला भरायला सांगितलंच नाही. स्वतःच भरून आणलं, फक्त सही मागितली. मी नजर फिरवली. शाई एक, कल एक. आणि बुधवारचा एक रकाना तिने रिकामा सोडला होता.

नऊ वर्षांची मुलगी आहे माझी. तिला हे शिकवायला मला दोन मिनिटं लागली.

आता कोणी म्हणेल की खोटं तुम्ही लिहिलंत, त्यात शाळेचा काय दोष? बरोबर आहे. माझ्या खोट्याचा दोष माझाच. पण मी माझ्या कामात एक गोष्ट पक्की शिकलो आहे. एका वहीत खोटी नोंद सापडली तर तो माणूस तपासायचा, पण शंभर वह्यांत तशाच नोंदी सापडल्या तर ती वही लिहून घेण्याची पद्धत तपासायची. गेल्या पालक सभेच्या आधी बाहेर उभे असताना आम्ही पाच-सहा जण रविवार रात्रीचे हे किस्से एकमेकांना सांगत होतो. हसत हसत. सगळ्यांचं साडेनऊलाच चाललेलं असतं म्हणे.

यात नवल काहीच नाही. चार्ल्स गुडहार्ट नावाच्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये पैशाच्या धोरणाबद्दल एक निरीक्षण मांडलं होतं, ते आमच्या व्यवसायात वारंवार आठवतं. एखाद्या मापावरून माणसांना हाकायला सुरुवात केली की ते माप खरं सांगेनासं होतं. विक्रीच्या आकड्यावर बढती ठेवली की आकडा वाढतो, विक्री वाढतेच असं नाही. प्रामाणिकपणावर गुण ठेवले की गुण वाढतात. सहा आठवड्यांत वर्गाची सरासरी वाढली, असं आपण परिपत्रकात अभिमानाने लिहिलं आहे. मी तपासनीस म्हणून आलो असतो तर त्या वाक्याखाली लाल रेघ मारली असती.

आणि हे फक्त घरच्या पत्रकाचं. वर्गाचं पत्रक बाईंनी भरायचं असतं. वर्गात ४२ मुलं, १० रकाने, आठवड्याचे ५ दिवस, म्हणजे आठवड्याला २,१०० खुणा. एवढ्या खुणा कोणी खऱ्या करू शकतं, असं या समितीतल्या एकाने तरी एक आठवडा करून दाखवावं. बाईंच्या हातचा तो वेळ कुठून जातो, तेही बघावं. मुलांच्या वह्यांतून जातो.

माझा मुख्य आक्षेप मात्र याहून मोठा आहे. तो काचेच्या प्रसंगाने माझ्या लक्षात आला.

मधल्या सुट्टीत चेंडू लागून वर्गाची काच फुटली. कोणी बघितलं नव्हतं. एका मुलाने आपण होऊन बाईंना जाऊन सांगितलं. पत्रकाच्या नियमाप्रमाणे 'शालेय मालमत्तेचे नुकसान' म्हणून त्याचे ५ गुण गेले आणि 'प्रामाणिक कबुली' म्हणून २ मिळाले. माझी मुलगी घरी येऊन मला हे गणित सांगत होती. तिला कोणाची बाजू घ्यायची नव्हती, तिला ते गणित म्हणून आवडलं होतं. "सांगितलं तर उणे तीन. नाही सांगितलं तर शून्य. मग त्याने सांगायलाच नको होतं, हो ना बाबा?"

मी पुष्कळ सांगितलं. मनाला बरं वाटतं, विश्वास बसतो, वगैरे. ती ऐकत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं की बाबांकडे तीन गुणांचं उत्तर नाही.

हा नियम कोणी दुष्टपणाने केला नाही, हे मला मान्य आहे. नुकसानीला दंड आणि खरेपणाला बक्षीस, कागदावर हे न्याय्यच दिसतं. पण ४२ मुलांनी त्या दिवशी बेरीज केली आणि काचेच्या जागी नवी काच बसायच्या आत ती पक्की झाली. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ कांग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तीन ते सात वर्षांच्या मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. मुलांना आधी एका खेळात चोरून बघायचा मोह घातला, मग गोष्ट सांगितली, मग विचारलं, "बघितलंस का?" ज्या गोष्टींत खोटं बोलणाऱ्याची फजिती होते, त्या ऐकून मुलं काही जास्त खरं बोलली नाहीत. चूक कबूल करणाऱ्या मुलाला वडील जवळ घेतात, तुझा खरेपणा मला मोलाचा वाटतो म्हणतात, ती एकच गोष्ट कामी आली. आणि पुढची गंमत अशी की त्याच गोष्टीचा शेवट बदलून वाईट केला, तेव्हा तिचाही परिणाम उरला नाही. आपल्या शाळेने काचेची गोष्ट सांगितली, ती या बदललेल्या शेवटाची.

याच कांग ली यांनी व्हिक्टोरिया तलवार यांच्याबरोबर २०११ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांची तुलना केली होती. एका शाळेत मार होता, दुसरीत नव्हता. मोह झाल्यावर चोरून बघितलं दोन्हीकडच्या मुलांनी. पण मार असलेल्या शाळेतली मुलं जास्त खोटं बोलली, आणि तीन-चार वर्षांची असून ते खोटं जास्त सफाईने निभावून नेलं. आपल्याकडे मार नाही, हे मी कृतज्ञतेने नोंदवतो. पण सोमवारी वर्गाबाहेरच्या फलकावर कमी गुणांच्या नावापुढे लागणारा लाल गोल नऊ वर्षांच्या मुलाला छडीपेक्षा हलका वाटतो, असं आपल्याला कोणी सांगितलं?

दुसरी तक्रार मोबदल्याची.

पत्रक यायच्या आधी माझी मुलगी काही फार गुणाची पुतळी नव्हती. पण कोणाची पडलेली वस्तू उचलून देताना ती इकडे तिकडे बघत नसे. आता उचलून देते, आणि मग बघते. ती नजर मला ओळखीची आहे. पैसे भरल्यावर पावतीची वाट बघणारा माणूस खिडकीत असाच बघतो.

मदत करणं मुलांना शिकवावं लागतं, असं मीही धरून चाललो होतो. वाचायला लागल्यावर ते पुरतं खरं नाही असं दिसलं. फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी १८ महिन्यांच्या बाळांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. कपडे वाळत घालणाऱ्या माणसाच्या हातून चिमटा पडतो आणि त्याचा हात पोचत नाही, दोन्ही हात भरलेला माणूस बंद कपाटाला धडका देत राहतो, असे साधे प्रसंग. कोणी मदत मागत नाही, कोणी बक्षीस देत नाही. २४ पैकी २२ बाळांनी एकदा तरी पुढे होऊन मदत केली. पायात नीट बळ नसलेली पोरं. दोन वर्षांनी त्यांनी याचा पुढचा भाग केला. २० महिन्यांच्या काही मुलांना मदतीबद्दल दर वेळी एक खेळणं दिलं, काहींची फक्त स्तुती केली, काहींना काहीच नाही. नंतर बक्षीस थांबवल्यावर ज्यांना खेळणं मिळालं होतं तीच मुलं मदतीला कमी उठली.

म्हणजे पाझर आधीच होता. आपण त्याला मीटर बसवला.

मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा १९७३ चा प्रयोग तर आपल्या पत्रकाची हुबेहूब तालीम वाटावा. बालवाडीतली मुलं, ज्यांना मुळातच चित्रं काढायला आवडायचं. त्यांच्यातल्या काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी ताऱ्याचं प्रशस्तिपत्र मिळेल. मिळालंही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पेनं पुन्हा मांडून ठेवली, तेव्हा तारा ठरवून मिळवलेल्या मुलांनी इतरांच्या जेमतेम निम्मा वेळ चित्रं काढली. चित्रांचं असं होतं, तर मायेचं काय होत असेल?

आणि मुलांचीच गोष्ट कशाला, आम्हा पालकांचीही ऐका. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या १० पाळणाघरांत उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी यांनी २० आठवडे नोंदी ठेवल्या. मुलांना न्यायला पालक उशिरा येत, म्हणून त्यांतल्या सहा पाळणाघरांत उशिराला दंड लावला. उशीर वाढला, जवळपास दुप्पट झाला. आधी पालकांना बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटे, आता त्यांनी उशीर विकत घेतला होता. पुढे दंड काढून टाकला तरी उशीर खाली आला नाही. २००० साली हा अभ्यास छापून आला, आणि त्यातला शेवटचा भाग मला सगळ्यात जास्त घाबरवतो. एकदा किंमत लावली की नंतर किंमतपट्टी फाडून टाकली तरी जुनी लाज परत येईलच असं नाही. म्हणून म्हणतो, 'एक वर्ष करून बघू, नाही जमलं तर बंद करू' हे समितीचं म्हणणं वाटतं तितकं सुरक्षित नाही.

तिसरी तक्रार थोडक्यात. दहापैकी पाच रकाने आज्ञाधारकपणाचे आहेत, मी मोजले. 'मोठ्यांचं ऐकलं', 'उलट बोललो नाही', 'सांगितलेलं लगेच केलं', 'रांगेत शांत राहिलो', 'हट्ट केला नाही'. घर आणि वर्ग चालवायला या गोष्टी लागतात, मलाही हव्या असतात, विशेषतः सकाळी. पण सोय आणि सद्गुण यांत फरक आहे. स्टॅन्ली मिलग्रम यांनी येल विद्यापीठात १९६१ मध्ये सुरू केलेल्या प्रयोगांत, पलीकडच्या खोलीतल्या माणसाला विजेचे झटके द्यायला सांगितल्यावर ४० पैकी २६ जण शेवटच्या, ४५० व्होल्टच्या कळीपर्यंत गेले. झटके खोटे होते, पण कळ दाबणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. 'मोठ्यांचं ऐकलं' या रकान्यात त्या २६ जणांना पूर्ण गुण द्यावे लागतील. आणि जे मध्येच उठून 'मी हे करणार नाही' म्हणाले, त्यांना शून्य. एखाद्या मोठ्या माणसाने नको ते सांगितलं तर माझ्या मुलीने उलट बोलावं, लगेच करू नये आणि हट्टाने नाही म्हणावं, अशी माझी इच्छा आहे. तिच्या सुरक्षेसाठी तरी.

चौथी तक्रार फलकाची, आणि ही मांडताना मला जरा जपून बोलावं लागणार आहे, कारण ज्या मुलाबद्दल बोलतो आहे तो माझा नाही.

वर्गाबाहेरच्या फलकावर दर सोमवारी सगळ्यांची नावं गुणांसह लागतात. हिरवा, पिवळा, लाल. एका मुलाचं नाव सहा आठवडे सलग लाल आहे. मुलगा चुळबुळ्या आहे, चटकन चिडतो, चटकन विसरतोही. पहिल्या आठवड्यात मुलं त्याला चिडवत. चौथ्या आठवड्यात खेळायला घेईनाशी झाली, कारण 'लाल'बरोबर दिसलं तर आपलेही गुण जातात अशी कोणीतरी अफवा उठवली. आता, माझी मुलगी सांगते, तो स्वतःच म्हणतो, "मी लालच आहे, मला काय!" आणि ढकलतो.

या एका वाक्यासाठी तरी फलक उतरवावा. सहा आठवड्यांत आपण एका मुलाला तो कोण आहे ते सांगितलं, आणि त्याने ते मान्य केलं.

१९२० च्या दशकात अमेरिकेत ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे यांनी सुमारे ११,००० शाळकरी मुलांना कॉपी करायच्या, लबाडी करायच्या वेगवेगळ्या संधी देऊन बघितल्या होत्या. प्रामाणिक मुलं एका बाजूला आणि लबाड मुलं दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी काही त्यांना सापडली नाही. जो परीक्षेत फसवी तो खेळात फसवीच असं नव्हतं. त्या त्या प्रसंगावर बरंच अवलंबून होतं. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही, आणि आपण अजून मुलांना तीन रंगांत वाटतो आहोत. शिवाय संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचं २८ वं कलम शाळेच्या शिस्तीबद्दल सांगतं की ती मुलाच्या माणूस म्हणून असलेल्या प्रतिष्ठेला धरून असावी. भिंतीवरचा लाल गोल त्यात कसा बसतो, हे समितीने एकदा लेखी सांगावं.

'रागावलो नाही' या रकान्याबद्दलही बोलायचं होतं. राग येणं हा गुन्हा कधीपासून झाला? राग आल्यावर काय केलं, हे विचारता आलं असतं. पण जाऊ दे, त्या रकान्याशी माझं आधीच वाकडं आहे.

इतकं सगळं लिहिल्यावर, शाळेत याच सत्रात घडलेली एक गोष्ट सांगितली नाही तर मी कृतघ्न ठरेन.

एका मुलीची पेन्सिलपेटी हरवली होती. बाईंना दुसऱ्या एकीचा संशय आला, तिला सगळ्यांसमोर विचारलं, ती रडली. दुसऱ्या दिवशी पेटी पहिल्या मुलीच्याच दप्तराच्या आतल्या कप्प्यात सापडली. तास सुरू व्हायच्या आधी बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की काल माझं चुकलं, मी नीट न बघता तुझ्यावर संशय घेतला, आणि तोही सगळ्यांसमोर, म्हणून आज सगळ्यांसमोरच माफी मागते. एवढंच. मग पाढे सुरू झाले.

माझी मुलगी तीन दिवस ही गोष्ट सांगत होती. आजीला सांगितली, मला दोनदा सांगितली. "बाईंनी सॉरी म्हटलं! बाईंनी!" चौथ्या दिवशी तिने धाकट्या भावाला उगाच रागावल्यावर, कोणी न सांगता, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काल नाही, आत्ताच, पण माझं चुकलं." शब्द बाईंचे होते, जरा उलटेपालटे झालेले. त्या दिवशीच्या पत्रकात याची नोंद नाही, कारण 'माफी मागितली' असा रकाना नाही, आणि तो नाही हे फार बरं आहे.

जेम्स ब्रायन आणि नॅन्सी वॉलबेक यांनी १९७० मध्ये मुलांसमोर चार तऱ्हेची मोठी माणसं उभी केली होती. दानाचं महत्त्व सांगून दान करणारी, सांगून न करणारी, स्वार्थाचं बोलून दान करणारी, आणि बोलणं-करणं दोन्हीत स्वार्थी. मुलं दान करायची वेळ आली तेव्हा त्या माणसाने काय केलं होतं त्याप्रमाणे वागली. काय सांगितलं होतं त्याचा हातावर परिणाम दिसला नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, हे आपल्याकडे विहीर बघून कळलं होतं. त्यांनी मोजून बघितलं.

मराठीत आपण म्हणतो 'मुलांवर संस्कार करायला हवेत', आणि म्हणतो 'तिच्यावर चांगले संस्कार झालेत'. पहिल्या वाक्यात आपण कर्ते आहोत, दुसऱ्यात कर्ता कुठे दिसतच नाही. मला वाटतं, दुसरं वाक्य जास्त खरं आहे. ते होतात. आपण करायला बसलेले नसतो तेव्हा होतात. बाई पाढ्यांच्या आधी माफी मागतात तेव्हा होतात, आणि बाप रविवारी रात्री पेन काढतो तेव्हाही होतात. फक्त त्या वेळी कोणते झाले ते पत्रकात येत नाही.

म्हणून आता मागण्या. व्यवस्थापनाकडे आधी.

परिपत्रक मागे घ्यावं. संस्काराचे गुण वार्षिक निकालात धरू नयेत आणि वर्गप्रमुखही त्यावरून निवडू नये. पत्रक पुढच्या सत्राची वाट न बघता याच सत्रात बंद करावं, आणि आजवर जमा झालेली पत्रकं मुलांच्या नोंदींत न ठेवता नष्ट करावीत. नऊ वर्षांच्या मुलाच्या चुळबुळीची नोंद त्याच्या मागे पुढच्या इयत्तेत जाऊ नये.

फलक या सोमवारी उतरवावा. यासाठी बैठक लागत नाही, खिळा काढावा लागतो.

कबुलीला कुठलाही दंड नसावा. नुकसान झालं तर ते भरून काढण्यात मुलाचा काहीतरी हात असावा. काच बसवणाऱ्याला मदत करू दे, वर्ग झाडू दे, ज्याचं नुकसान झालं त्याच्याशी बोलू दे. यातून मुलाला आपल्या करणीचं ओझं समजतं. उणे तीनमधून फक्त वजाबाकी समजते.

बाईंच्या २,१०० खुणांचा वेळ वाचेल. त्यातला आठवड्याचा एक तास वर्गाला द्यावा, ज्यात गुण नाहीत, वही नाही, गोष्टीचं तात्पर्य लिहून घेणं नाही. त्या आठवड्यात वर्गात खरोखर जे घडलं, कोण का रडलं, खेळायला कोणाला घेतलं नाही, यावर मुलांनी बोलावं आणि बाईंनी ऐकावं. त्याच बालहक्क संहितेचं १२ वं कलम मुलांना त्यांच्याशी संबंधित गोष्टींत मत मांडायचा हक्क देतं. पत्रक सुरू करताना मुलांना कोणी विचारलं होतं का? मला तरी आठवत नाही. मी तर माझ्या मुलीलाही विचारलं नव्हतं.

आणि ज्या मुलाचं नाव सहा आठवडे लाल होतं, त्याच्याशी आणि त्याच्या घरच्यांशी शाळेने स्वतःहून बोलावं. पेन्सिलपेटीच्या वेळी बाई जसं बोलल्या तसं.

आता माझ्यासारख्या पालकांकडे. आपण सभेत 'हल्लीच्या मुलांना वळण नाही, शाळेने काहीतरी करावं' म्हणालो, आणि शाळेने बिचारीने केलं. मोजता येईल असं काहीतरी आपल्यालाच हवं होतं, म्हणजे रविवारी रात्री सही करून सुटता येईल. ती सुटका परत देऊ या. पुढच्या सभेत हात पुन्हा वर करू, या वेळी पत्रक बंद करायला. आणि तोवर मुलांना घरी आल्या आल्या 'संस्काराचे किती मिळाले?' असं विचारणं थांबवू. मी स्वतः हा प्रश्न विचारत होतो. त्यातला विनोद मला फार उशिरा कळला.

शेवटची विनंती खासगी आहे, पण हिशेबाची आहे, म्हणून इथेच करतो. सहाव्या आठवड्याच्या आमच्या घरच्या पत्रकात ६९ खुणा आहेत. त्यांतल्या किती खऱ्या आणि किती खोट्या, हे आता मला सांगता येत नाही, आणि ज्या नोंदींचा आधार दाखवता येत नाही त्या सगळ्याच अमान्य करायच्या, असा आमच्याकडे रिवाज आहे. तेव्हा त्या ६९ च्या ६९ रद्द कराव्यात आणि फलक असेपर्यंत तिथला आकडाही दुरुस्त करावा.

पत्र पाठवण्याआधी मी हे मुलीला वाचून दाखवलं. बाकी सगळं तिला पटलं. या शेवटच्या परिच्छेदावर मात्र ती चिडली. म्हणाली, "पण खुणा तर तू केल्या होत्यास. मग गुण माझे का कापायचे? तुझे कापायला हवेत."

तिचं म्हणणं बरोबर आहे. पत्रक पुन्हा उलटंसुलटं करून बघितलं. पालकांसाठी त्यात रकाना नाही.

आपला,
चौथीतल्या एका मुलीचा बाप